सदाफुलीचं पान आणि सदाफुलीचं इंजेक्शन

आज बोलायचंय ते झाडपाल्यातल्या औषधांबद्दल आणि हाडाच्या कॅन्सरबद्दल. विषय जड आहे, पण तो आपल्या गटांच्या दारात येऊन उभा राहिलाय, म्हणून घेतला.

गेल्या दोन महिन्यांत आमच्या आजरा-चंदगड भागातल्या तीन बचत गटांकडे एकच प्रस्ताव आला. सदाफुली, अश्वगंधा, हळद आणि आणखी दोन-चार पाल्यांची भुकटी समोरचा माणूस पोत्यानं पुरवणार. गटानं ती शंभर-शंभर ग्रॅमच्या पाकिटांत भरायची, वर गटाचं नाव छापायचं आणि खाली लिहायचं, 'हाडांचा कॅन्सर, गाठी व सांधे यांवर गुणकारी'. एका पाकिटामागे जे पैसे सुटणार होते, ते पापड-शेवयांत सुटत नाहीत. कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. माणूस मोबाईलवर बातम्याही दाखवत होता, की वनस्पतींमधले घटक हाडाच्या कॅन्सरच्या पेशी मारतात असं शास्त्रज्ञांना आढळलंय. एका गटाच्या अध्यक्ष आक्कांनी मला फोन करून विचारलं, "ताई, बातमी खोटी आहे का?"

बातमी खोटी नाही. म्हणूनच नीट समजून घ्यायला हवी.

आधी आजाराचं बघू. हाडात कॅन्सर दोन वाटांनी येतो. एक म्हणजे तो सुरू होतो दुसरीकडे, बाईच्या स्तनात किंवा पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीत, आणि मग हाडात उतरतो. मोठ्या वयाच्या माणसाच्या हाडात कॅन्सर सापडला तर बहुतेक वेळा तो असा बाहेरून आलेला असतो, आणि उपचार मूळ जागेच्या कॅन्सरप्रमाणे चालतो. दुसरा हाडातच जन्मलेला. हा फार क्वचित होतो. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, आणि तोसुद्धा दहा लाख लोकांमागे वर्षाला तीनेक जणांना होतो. तेव्हा घाबरून जाऊ नका. पण तो गाठतो कुणाला, तर जास्त करून दहा ते वीस वर्षांच्या पोरापोरींना. उंची भराभर वाढण्याचं वय असतं, हाडांच्या टोकांशी नव्या पेशी तयार होत असतात, आणि तिथंच बिघाड होतो. म्हणून त्याची आवडती जागा गुडघा. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नाहीतर नडगीच्या हाडाचं वरचं टोक. त्याखालोखाल खांद्याजवळ. दुसरा प्रकार युइंग सार्कोमा, तोही मुलांमध्येच जास्त.

आता झाडांकडे येऊ. या युइंग सार्कोमावर आज जगभर जी औषधं दिली जातात, त्यात साधारण पाच औषधांचा संच असतो. त्यातलं पहिलं विनक्रिस्टीन. हे कशातून निघतं माहीत आहे? आपल्या अंगणातल्या, देवाला वाहतो त्या सदाफुलीतून. त्याच संचात दुसरं एक औषध आहे इटोपोसाइड. ते हिमालयात उगवणाऱ्या बनककडी नावाच्या झुडपाच्या आणि तिच्या अमेरिकेतल्या बहिणीच्या मुळांतल्या द्रव्यापासून, त्यावर रसायनशाळेत बदल करून बनवलेलं. म्हणजे 'झाडपाल्यात कॅन्सरचं औषध असतं' हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. त्या माणसाच्या बोलण्यातला एवढा भाग मी मान्य करते.

पण ती सदाफुली इंजेक्शनच्या बाटलीपर्यंत पोहोचली कशी, ते ऐका.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. आपल्याकडे काही जण मधुमेहासाठी तिची पानं सकाळी चावून खातात ना, तशी सवय दूर वेस्ट इंडिजमधल्या जमैका बेटावरही होती. तिथून ही पानं कॅनडातल्या डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे तपासणीसाठी आली. १९५० च्या दशकातली ही गोष्ट. त्यांनी उंदरांना काढा पाजून पाहिला. साखर काही कमी झाली नाही. मग अर्क सुईनं टोचला, तर उंदीर आठवड्याभरात मरायला लागले. का मेले ते पाहिलं, तेव्हा कळलं की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, म्हणून साध्या जंतूंनीच त्यांना गाठलं. दुसऱ्या कुणी पानं फेकून दिली असती. नोबल यांच्या मनात आलं, ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथं हे उपयोगी पडेल का? त्यांनी आणि चार्ल्स बीर यांनी १९५८ मध्ये त्यातलं एक द्रव्य वेगळं केलं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच झाडातून त्याचं भावंड काढलं, ते विनक्रिस्टीन. १९६३ मध्ये त्याला तिथं औषध म्हणून मान्यता मिळाली.

या गोष्टीतली एक जागा परत बघा. काढा पाजला तेव्हा काही झालं नाही, आणि अर्क टोचला तेव्हा उंदीर मेले. झाड एकच. तोंडावाटे घेतलं तर हे द्रव्य रक्तात नीट उतरत नाही, आणि थेट रक्तात गेलं तर जरा जास्त झालं तरी मारतं. म्हणून विनक्रिस्टीन फक्त शिरेतून देतात. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. दोन मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतल्या मिठापेक्षाही कमी! आणि एक ग्रॅम विनक्रिस्टीन मिळवायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. सदाफुलीत त्याखेरीज शंभराहून जास्त अशीच कडू द्रव्यं असतात. कुठल्या पानात काय किती, हे जमिनीवर, पावसावर आणि झाडाच्या वयावर बदलतं. आता सांगा, चमचाभर भुकटीत औषध किती आणि विष किती, हे पाकीट भरणाऱ्या बाईला कसं कळणार?

हे औषध करतं काय, तेही सांगते, कारण त्यावरून ते इतकं मोजून का द्यावं लागतं ते कळतं. पेशी वाढते म्हणजे एकीच्या दोन होतात. त्याआधी आतल्या सगळ्या ऐवजाच्या दोन सारख्या वाटण्या व्हाव्या लागतात. त्यासाठी पेशीत बारीक दोऱ्या वळल्या जातात आणि त्या दोऱ्या एकेक वाटणी आपापल्या बाजूला ओढून नेतात. विनक्रिस्टीन या दोऱ्या वळूच देत नाही. वाटणी अडते आणि पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी सारख्या वाटण्या करत असतात म्हणून त्यांना फटका जास्त. पण केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या कातडीत, हाडाच्या मगजातही पेशी भराभर वाढत असतात. त्यांनाही कॅन्सरच्या औषधांचा मार बसतो. केस जातात, तोंड येतं, रक्त कमी होतं. विनक्रिस्टीननं तर हातापायाला मुंग्या येतात आणि पोट घट्ट होतं. 'नैसर्गिक आहे, त्रास नाही' असं जे पाकिटावर छापतात ना, ते वाचलं की मला सदाफुलीच्या या इंजेक्शनची आठवण होते. यापेक्षा नैसर्गिक काय असणार, आणि त्रास तर आहेच.

आणखी एक झाड आपल्या घरचं आहे. सह्याद्रीच्या रानात, महाबळेश्वरपासून आपल्या आंबोली-चंदगडपर्यंत, नरक्या नावाचं झाड मिळतं. फुलांना घाण वास येतो म्हणून नाव तसं. या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य आहे. ते पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात, १९६६ मध्ये, आणि ते शोधणाऱ्या अमेरिकेतल्या जोडीपैकी एक होते मनसुख वाणी. हे वाणी जन्मले आपल्या नंदुरबारला, १९२५ मध्ये. स्तनाच्या कॅन्सरवर दिलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल हे झाडाच्या सालीतलं औषधही त्यांनी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनीच शोधलं. खेड्यापाड्यातल्या शाळांत हे नाव सांगायला हवं असं मला वाटतं, असो. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं की तेच द्रव्य आपल्या नरक्यातही भरपूर आहे.

हे द्रव्य वेगळ्या जागी घाव घालतं. पेशीत जो वंशाचा धागा असतो, त्याला पीळ असतो. चऱ्हाट वळताना एका टोकाला पीळ फार चढला की दोरी स्वतःभोवती गुंडाळते ना, तसं इथंही होतं. मग पेशीतला एक कारागीर धागा जरासा कापतो, पीळ सोडवतो आणि परत जोडतो. कॅम्प्टोथेसिन त्या कारागिराला कापलेल्या जागीच अडकवून ठेवतं. धागा तुटका राहतो, पेशी मरते.

वाचायला छान वाटतं. पण १९७० च्या सुमाराला हे द्रव्य जवळपास आहे त्या रूपात रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा जुलाब आणि मूत्राशयातून रक्त जाणं असे भयंकर त्रास झाले आणि ते बंद करावं लागलं. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं शास्त्रज्ञ त्याच्या रचनेत फेरफार करत बसले. त्यातून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही दोन औषधं निघाली. १९९६ पर्यंत दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली. युइंग सार्कोमा उपचारानंतर परत उलटला तर आज ही औषधं दुसऱ्या औषधांबरोबर वापरतात.

नरक्याबद्दल एवढं सांगायचं आणखी एक कारण आहे. या झाडाच्या लाकडाला आणि मुळांना बाहेर मोठी किंमत येते, म्हणून चोरटी तोड होते. कुणी येऊन 'रानातून नरक्या आणून द्या, किलोवर पैसे देतो' म्हणालं तर वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याची एक फांदीही तोडू नका. पकडली जाते ती डोक्यावर मोळी असलेली बाई. गाडीवाला कधीच सापडत नाही. आणि झाड मुळासकट गेलं की पुन्हा यायला वर्षानुवर्षं लागतात.

आता त्या पाकिटातल्या उरलेल्या दोन नावांकडे येऊ, हळद आणि अश्वगंधा. बातम्या मुख्यतः यांच्याच असतात.

हळदीतला कर्क्युमिन, अश्वगंधातला विथाफेरिन, दारुहळदीतला बर्बेरिन, चहातली काही द्रव्यं, या सगळ्यांनी प्रयोगशाळेत हाडाच्या कॅन्सरच्या पेशी मारल्या आहेत. पण ते प्रयोग होतात काचेच्या बशीत. बशीत पेशींचा एक थर वाढवायचा आणि त्यावर द्रव्य थेट ओतायचं. तिथं पेशी मारणं फारसं अवघड नसतं, फिनेल ओतलं तरी मरतील. प्रश्न असा, की माणसानं ते गिळल्यावर ते पोटातून रक्तात जातं का, यकृत त्याचे तुकडे करून टाकतं का, हाडातल्या गाठीपर्यंत पुरेसं पोहोचतं का, आणि तिथं फक्त वाईट पेशींनाच धरतं का. या पायऱ्यांवर बहुतेक द्रव्यं गळतात.

हळदीचं बघा. सांगलीची हळद आपण नावाजतो, पण हळदीत कर्क्युमिन असतो शंभरात तीन भागांच्या आसपास. कॅन्सरच्या रुग्णांना दिवसाला आठ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊन पाहिलंय. म्हणजे हिशोब केला तर रोज पाव किलोहून जास्त हळद! एवढं देऊनही रक्तात सापडला तो नावापुरता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं कर्क्युमिनवरच्या माणसांतल्या शंभरावर चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा कडक पद्धतीनं घेतलेली एकही चाचणी यशस्वी ठरल्याचं त्यांना दिसलं नाही. भाजीतली हळद चालू ठेवा, त्याबद्दल वाद नाही.

अश्वगंधाची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या मुंबईत घडली आणि थेट हाडाच्या कॅन्सरवरच घडली. टाटा मेमोरियल सेंटरमधल्या डॉक्टरांनी ऑस्टिओसार्कोमा पुढच्या टप्प्यात गेलेल्या १३ रुग्णांना अश्वगंधाच्या मुळाचा, विथाफेरिन मोजून ठेवलेला अर्क दिला. टप्प्याटप्प्यानं मात्रा वाढवली. तिचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध एकूण सहन झालं. काहींच्या रक्तात यकृताला त्रास झाल्याच्या खुणा दिसल्या, एखाददुसऱ्याला पुरळ आलं, जीवावर बेतेल असं काही झालं नाही. पण रक्त तपासलं तर विथाफेरिन मोजता येईल इतकंसुद्धा सापडलं नाही. जे रक्तातच पोहोचलं नाही ते हाडात काय करणार? तरी मी या चाचणीला अपयश म्हणणार नाही. आता संशोधकांना माहीत झालंय की अडचण पोटातून रक्तात जाण्याची आहे, आणि पुढचं काम तिथून करायचं. उद्या विथाफेरिनचं वेगळं रूप निघून ते उपयोगी पडेलही. सदाफुलीचं पडलं, नरक्याचं पडलं. पण ज्यांना ते दिलं ते रुग्ण मोठ्या दवाखान्यात, सगळ्या तपासण्यांखाली होते, आणि तिथं मिळालेलं उत्तर 'अजून नाही' असं आहे. त्याच अश्वगंधाच्या पाकिटावर 'गुणकारी' लिहायला आपल्याला काय आधार आहे?

आता तुम्ही म्हणाल, उपयोग नाही झाला तर नाही, अपाय तर नाही ना? दोन-चारशे रुपये गेले.

मैत्रिणींनो, पैशाचं मी म्हणतच नाही. आमच्याच एका गटातल्या बाईच्या परवानगीनं सांगते. तिचा मुलगा नववीत होता, कबड्डी खेळायचा. गुडघ्याच्या वर दुखायला लागलं. सगळ्यांना वाटलं खेळताना लागलं असेल. एका माणसानं लेप दिला, पाल्याची भुकटी दिली, रोज तेल लावून चोळायला सांगितलं. चार महिने ते चाललं. मुलगा रात्री दुखण्यानं उठून बसायचा. शेवटी शाळेतल्या सरांनी हट्ट धरून एक्स-रे काढायला लावला. औषधं झाली, ऑपरेशन झालं. पण तोवर गाठीनं रक्तवाहिन्यांना वेढा घातला होता, म्हणून मांडीपासून पाय काढावा लागला. आज तो आयटीआयला जातो, कृत्रिम पाय लावून. आई म्हणते, पोरगं हाताला लागलं. पण 'आधी आला असता तर बहुतेक पाय वाचवता आला असता', हे डॉक्टरांचं वाक्य ती विसरलेली नाही.

हे वाक्य खरं आहे का, तर हो. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा एकाच जागी असताना सापडला तर आज दहातली सहा-सात मुलं पाच वर्षांनंतरही जगतात, आणि बहुतेकांचा पाय वाचतो. गाठीचं हाड काढून तिथं धातूचा सांधा बसवतात. तो फुप्फुसात पसरल्यावर आला, तर वाचणाऱ्यांचा आकडा दहात दोन-तीनवर येतो. पूर्वी, कॅन्सरची औषधं नव्हती तेव्हा, वेळीच पाय काढला तरी पाचातली चार मुलं दगावायची, कारण डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी आधीच फुप्फुसात गेलेल्या असायच्या. १९७० नंतर औषधं आली आणि चित्र पालटलं. ऑस्टिओसार्कोमाची मुख्य औषधं झाडातली नाहीत, हेही सांगते. त्यातलं एक तर मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं आणि एक प्लॅटिनम धातूपासून बनवलेलं. मुलाचं भलं ज्यानं होतं ते घ्यायचं, ते झाडातलं आहे की मातीतलं याला महत्त्व नाही.

मग आपण ओळखायचं कसं? वाढत्या वयात पोरांचे पाय दुखतात, ते सगळं कॅन्सर नसतं. साधं वाढीचं दुखणं असेल तर दोन्ही पायांत, संध्याकाळी-रात्री दुखतं, चेपलं की बरं वाटतं, सकाळी पोर उड्या मारत शाळेत जातं. सूज नसते, लंगडत नाही. पण दुखणं एकाच जागी असेल, दोन-तीन आठवडे हटत नसेल, वाढत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तिथं सूज किंवा टणक गाठ हाताला लागत असेल, पोर लंगडत असेल, नाहीतर साध्या ठेचेनं हाड मोडलं असेल, तर लेप-मालिश थांबवायची आणि आठवड्याच्या आत एक्स-रे काढायचा. आपल्याकडे हाड बसवणाऱ्यांच्या हाताला गुण असतो, मुरगळलेला पाय मीही दाखवलाय. पण गाठ चोळायची नाही. आतलं हाड ठिसूळ झालेलं असतं, ते मोडू शकतं, आणि गाठीतल्या पेशी इकडेतिकडे सरकण्याचाही धोका असतो. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही मुलाचं दुखणं सांगा.

एक्स-रेमध्ये शंका आली की एमआरआय आणि मग गाठीचा तुकडा काढून तपासणी. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' असं गावात बोललं जातं. त्या भीतीनं तपासणी टाळू नका. मात्र हा तुकडा शक्यतो त्याच दवाखान्यात काढू द्या जिथं पुढचं ऑपरेशन होणार आहे. चुकीच्या जागी छेद घेतला तर नंतर पाय वाचवणं अवघड होतं.

खर्चाची भीती सगळ्यात मोठी, म्हणूनच लोक पाकिटाकडे वळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि औषधं बसतात. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटायचं, पैसे भरायच्या आधी. मुंबईला जायची वेळ आली तर राहण्या-जेवणाची सोय कुठं होईल ते दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात विचारायचं. आपल्या गटाच्या अंतर्गत कर्जातून गाडीभाडं लगेच देता येतं, आमच्या गटांनी दिलंय.

उपचार चालू असताना घरी काढा द्यावा का, असं विचारतात. डॉक्टरांना न सांगता काहीच नको. ही औषधं यकृत आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतात. त्यात आपण आणखी कशाचा भार टाकला तर औषध शरीरात साठून विषासारखं होतं, किंवा त्याचा जोर कमी होतो. जे काही देत असाल ते लपवू नका, पुडी सोबत घेऊन जा.

राहिला तो प्रस्ताव. १९५४ चा एक कायदा आहे, औषधांच्या आणि जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. त्यातल्या आजारांच्या यादीत कॅन्सर आहे. त्यावर गुणकारी म्हणून जाहिरात करणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि पाकिटावरचं लेबलसुद्धा या कायद्यात जाहिरातच धरतात. शिवाय आयुर्वेदिक औषध विकायला बनवायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. पाकिटावर नाव कुणाचं असणार होतं? गटाचं. भुकटी देणाऱ्या माणसाचं नाव, पत्ता कुठंच नव्हता. तीनपैकी दोन गटांनी नकार दिलाय. तिसऱ्या गटानं हळदपूड मसाला म्हणून, खाद्य परवाना घेऊन, आजाराचं एक अक्षरही न लिहिता विकायचं ठरवलंय. नफा थोडा आहे, पण पोलीस दारात येणार नाहीत.

जाता जाता, काल एका मावशींनी विचारलं, "मग अंगणातली सदाफुली उपटून टाकू का गं?" अजिबात नको, मावशी. पाणी नसलं तरी फुलते, देवाला होते. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही, ती कडू आहे हे शेळीला कळतं. नातवंडांना पानं तोंडात घालू देऊ नका, आणि साखरेसाठी कुणी चावत असेल तर त्यांना पुढच्या मंगळवारी उपकेंद्रात साखर तपासायला घेऊन या, मी तिथं आहेच.